तीन हाका

डावा तळवा कानामागे, मान किंचित तिरकी आणि उजव्या हाताचं बोट थेट आपल्याकडे. अक्का अशा येऊन टेबलाशी उभ्या राहिल्या की समजायचं, आज आपल्या नावावर पिवळी ओळ आली. मग प्रश्न यायचा. "होकार उना का?"

आला का म्हणायच्या ऐवजी उना का. एरवी ऑफिसात आमच्याशी त्या चांगलं शहरी मराठी बोलायच्या, पण हा एक प्रश्न मात्र साक्रीकडच्या त्यांच्या गावातून जसाच्या तसा आलेला होता. सुरुवातीला आम्ही मागून त्यांची नक्कल करायचो. कानामागे हात धरायचा, बोट रोखायचं आणि एकमेकांना विचारायचं, डबा उना का, पगार उना का. त्यांनी एकदा ते पाहिलं आणि माझा तळवा कानामागे नीट बसवून दिला. म्हणाल्या की बोटं अशी फाकवली तर वाऱ्यातलं काय ऐकू येणार.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे. ठिबक सिंचनाचे कंट्रोलर आम्ही बनवतो, म्हणजे कोणत्या शेताला कधी पाणी सोडायचं, कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, मोटार कधी सुरू करायची हे ठरवणारा डबा. डबा दुसरे करतात, त्यातलं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. अक्का मात्र सॉफ्टवेअरमधून आल्या नव्हत्या. वीस वर्षं त्या खालच्या मजल्यावर व्हॉल्व्ह तपासायच्या, एकेक हातात घेऊन. डोळ्यांना त्रास व्हायला लागला तेव्हा मालकांनी, ज्यांना सगळे भाईजी म्हणतात, त्यांना वर आमच्यात पाठवलं आणि बिल्डवर लक्ष ठेवायचं काम दिलं. डोळ्यांचा त्रास म्हणून बाईंना स्क्रीनसमोर बसवणारे आमचे भाईजी एकटेच असतील.

बिल्ड म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, कंटाळू नका. आम्ही दहा जण दिवसभर जे लिहितो ते एक मशीन आपोआप गोळा करतं, जोडतं, तपासतं आणि चालेल असा एकच प्रोग्रॅम तयार करतं. आमच्याकडे हे रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला व्हायचं. तपासताना कंपायलरला काही चुकीचं दिसलं तर तो लाल ओळ लिहून थांबतो, आणि नुसतं संशयास्पद दिसलं तर पिवळी ओळ लिहून पुढे जातो. लाल ओळीला सगळे घाबरतात, पिवळीकडे कोणी बघत नाही. तुम्ही कुठेही काम करत असा, असे पिवळे कागद तुमच्याही टेबलावर पडलेले असतील.

आमच्या पिवळ्या ओळी बहुतेक एकाच प्रकारच्या होत्या. प्रोग्रॅम व्हॉल्व्हला सांगतो, उघड. व्हॉल्व्ह दूर शेतात, त्याला उघडायला आणि उघडलो असं कळवायला काही सेकंद लागतात. तोवर प्रोग्रॅमनं थांबायला हवं. थांबायचा शब्द आम्ही लिहायला विसरलो की कंपायलर म्हणतो, बाबा रे, तू काम सांगितलंस पण त्याची वाट पाहिली नाहीस, ते पुरं होण्याआधीच तुझी पुढची ओळ चालेल. अक्कांना इंग्रजी जेमतेम यायचं. ही एवढी ओळ मात्र त्यांना तोंडपाठ होती, आणि तिचा अर्थ त्यांनी तीन शब्दांत बसवला होता.

गंमत अशी की अक्कांइतकी उतावळी बाई मी आजवर पाहिलेली नाही. चहा दोन घोटांत. बस सहाची असली तर सव्वापाचपासून पर्स खांद्याला. कोणी किस्सा सांगायला लागलं की दुसऱ्याच वाक्याला, "शेवट सांग, शेवट." डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा त्या उभ्यानंच खायच्या, कारण बसण्यात वेळ जातो. क्रिकेटवर मात्र जीव. सामना असला की कानात कॉमेंट्री, आणि चेंडू पडायच्या आत निकाल सांगून मोकळ्या, जो नेहमी चुकायचा. अशी बाई आम्हाला थांबायला शिकवत होती, आणि याचं आम्हाला फार हसू यायचं.

आता त्या आठवड्याकडे येतो, नाहीतर अक्का असत्या तर केव्हाच शेवट सांग म्हणाल्या असत्या.

शिंदखेड्याकडे तापीकाठी अकरा शेतकऱ्यांनी मिळून एक मोठी मोटार बसवली होती. एक मोटार, एक मुख्य पाइप आणि अकरा शेतं, आलटून पालटून एकेकाची पाळी. ज्याची पाळी त्याचाच व्हॉल्व्ह उघडा, बाकी दहा बंद. त्यांचा कंट्रोलर आम्ही करत होतो आणि सोमवारी सकाळी तो त्यांच्या ताब्यात द्यायचा होता. त्यांच्या सल्लागार इंजिनीअरनं अट घातली होती की बिल्डमध्ये एकही पिवळी ओळ नको. त्या बुधवारी आमच्याकडे होत्या दोनशे चौदा.

भाईजींनी हे काम माझ्यावर सोपवलं. मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजत असे. अजूनही समजतो, पण आता जरा चाचपून. मला एक युक्ती ठाऊक होती. त्या ओळीच्या आधी एक छोटी खूण टाकली की कंपायलर समजतो, या माणसानं उत्तराकडे जाणूनबुजून पाठ फिरवली आहे, याला माहीत आहे तो काय करतोय. आणि तो गप्प बसतो. दोनशे चौदा ठिकाणी खूण टाकायला मला गुरुवारी जेवणानंतरचा एक तास लागला.

चारच्या बिल्डला सगळे माझ्यामागे गोळा झाले. आकडा आला, शून्य. काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू. शून्य आलं की मागच्या शेडमध्ये मांडलेल्या खऱ्या व्हॉल्व्हवर आपोआप चाचणी सुटायची; तिथले व्हॉल्व्ह नवेकोरे, सांगताक्षणी उघडणारे, त्यामुळे तीही झटक्यात पास झाली. भाईजींनी गरम जिलेबी मागवली. मला खांद्यावर घेण्याचा एक प्रयत्न झाला, तो माझ्या वजनामुळे सोडून देण्यात आला.

अक्का तेवढ्या आल्या नाहीत. त्या आपल्या जागी बसून माझी फाइल वाचत होत्या, स्क्रीनवर बोट ठेवून, एकेक ओळ. मी जिलेबीचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जिलेबीकडे पाहिलं नाही. कानामागे हातही नेला नाही. हळूच म्हणाल्या, "पिवळं गेलं रे भो. होकार उना का?"

मी समजावलं. शेडमध्ये पास झालं, व्हॉल्व्ह उघडतातच, न उघडायला काय धाड भरली आहे, शिवाय सोमवार तोंडावर आहे. त्यांनी ऐकून घेतलं, मला पूर्ण बोलू दिलं, आणि हेच मला विचित्र वाटलं. मग म्हणाल्या की उद्या सकाळी नऊला, कोणी यायच्या आत, शेडमध्ये ये.

शुक्रवारी सकाळी शेडमध्ये आम्ही दोघंच. भिंतीलगत अकरा व्हॉल्व्हची रांग, पाण्याची टाकी आणि छोटी मोटार. अक्कांनी सातव्या व्हॉल्व्हची वायर तिच्या टोकाच्या कनेक्टरसकट उपटली आणि पर्समध्ये टाकली. मला पाइपच्या जोडाजवळ उभं केलं, हातात लॅपटॉप दिला आणि सांगितलं, सातव्या शेताची पाळी लाव.

मी बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, सहा नंबर बंद. मग आलं, सात नंबर उघडला. मी मान वर करून त्यांना सांगणार होतो की बघा, उघडला. पण वायर तर त्यांच्या पर्समध्ये होती. सात नंबर उघडणं शक्यच नव्हतं, आणि तरी मोटार सुरू झाली, कारण माझ्या प्रोग्रॅमनं कोणाच्याच उत्तराची वाट पाहिली नव्हती. अकराही दारं बंद आणि मागून पाण्याचा रेटा. जोड फाटकन सुटला, पाइप साप फिरावा तसा फिरला आणि मी डोक्यापासून बुटापर्यंत चिंब झालो. अक्का आधीच टाकीमागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्यांनी मोटार बंद केली आणि विचारलं, शेडमधला पाइप किती इंची? मी म्हटलं, दोन. तापीवरचा? आठ. तिथे जोडाशेजारी कोण उभं असतं?

तिथे एक ऑपरेटर असतो. पन्नाशीचा शांत माणूस, सर्व्हेला गेलो तेव्हा त्यानं आम्हाला केळी दिली होती. मोटार सुरू होताना तो नेहमी जोडावर हात ठेवून उभा राहतो, कंप नीट आहे का ते हातानं बघतो. मला त्याचा तो हात आठवला आणि ओल्या कपड्यांत खरोखर थंडी वाजायला लागली.

अक्का भाईजींना काही सांगणार नव्हत्या, हे त्यांनी मला तिथेच सांगितलं. "तूच सांग. मी सांगितलं तर ती माझी तक्रार. तू सांगितलं तर तुझा होकार." कपडे बदलायचं सुचलंच नाही. दहा वाजता मी तसाच, गालिच्यावर पाणी गाळत, भाईजींच्या केबिनमध्ये उभा राहिलो आणि शून्य खोटं आहे हे सांगितलं. भाईजींनी माझ्याकडे बघितलं, गालिच्याकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं की सोमवारपर्यंत खरं होईल का. मी हो म्हणणार इतक्यात मागून अक्कांचा आवाज आला, बघून सांगतो म्हण.

आणि मग सुरू झाले ते अडीच दिवस. माझ्या नोकरीतले सगळ्यात झकास दिवस कोणते असं विचारलं तर मी तेच सांगेन. मी, आणखी दोघं सहकारी आणि अक्का. दोनशे चौदा खुणा काढून टाकल्या, पिवळ्या ओळी परत आल्या, आणि एकेक ओळ उघडून आम्ही ठरवायला बसलो. अक्कांना कोड लिहिता येत नव्हतं, पण कोणती ओळ शेतात कुठे जाऊन पोचते हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं दिसायचं. ही मोटारीची, इथे थांब. ही व्हॉल्व्हची, थांब. ही डब्यावरचा दिवा लुकलुकवणारी, हिच्यासाठी कशाला थांबतोस, दिवा लागला काय नाही लागला काय. तिथे अक्का खूण राहू द्यायच्या, पण शेजारी कारण लिहायला लावायच्या, मराठीत, कोणालाही समजेल असं. अशी सोळा ठिकाणं निघाली.

कॉमेंट्री त्यांच्या कानात नव्हती तर आता तोंडात होती. शंभरच्या खाली आलो, जोडी जमली आहे. पन्नास, आता घाई नको, एकेक घ्या. शनिवारी दुपारी त्यांनी घरून वांग्याचं भरीत आणि पुऱ्या आणल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बसून जेवल्या. चौघंही जण खुळ्यासारखे हसत होतो. दमलेल्या माणसाला कसलंही हसू येतं, पण ते नुसतं दमणं नव्हतं. आम्ही काहीतरी खरं करत होतो आणि ते आम्हाला कळत होतं.

रविवारी सकाळी अकराला पिवळ्या ओळी शून्य झाल्या. या वेळी कोणी ओरडलं नाही. शेडमधली चाचणी सुटली आणि आम्ही स्क्रीनकडे बघत बसलो. एक नंबर पास, दोन पास, सहापर्यंत पास. आणि सातवर मशीन थांबलं.

थांबलं म्हणजे थांबलंच. चूक नाही, लाल नाही, पिवळं नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, बिल्ड काही संपेना. आम्ही तिघांनी कोड उलटापालटा केला. दोन तास एकमेकांवर खेकसलो. अक्का खिडकीशी बसून शेंगदाणे सोलत होत्या. शेवटी मी हात टेकले आणि त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी पर्स उघडली आणि सातव्या व्हॉल्व्हची वायर टेबलावर ठेवली. ती शुक्रवारपासून तिथेच होती. मुद्दाम ठेवली की विसरल्या, हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

मशीन बिचारं आम्ही शिकवल्याप्रमाणे होकाराची वाट बघत बसलं होतं, आणि होकार पर्समध्ये होता. चिडून मी म्हटलं, अक्का, थांबायला तुम्हीच सांगितलं, आता किती थांबायचं तेही सांगा.

"तीन हाका," त्या म्हणाल्या. "मग चालत जायचं."

आणि मग त्यांनी सांगितलं. अक्कांना इतकं सलग बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. गावाकडे त्यांच्या शेतात खाली विहीर, वर टेकाडावर वावर, आणि मध्ये लोखंडी पाइप. खाली वडील मोटारीपाशी, वर मोठा भाऊ पाइप जोडणार, आणि मधल्या बांधावर दहा वर्षांच्या अक्का, कारण खालची हाक थेट वर पोचत नसे. वडील ओरडायचे, सोडू का? अक्का वर ओरडायच्या. भाऊ म्हणायचा हो, की अक्का खाली हो कळवायच्या. एक दिवस भावाला उशीर होत होता. त्या दिवशी गावात पाळणे आले होते आणि यांना तिकडे पळायचं होतं. वडिलांनी विचारलं, सोडू का, आणि अक्कांनी वर हाक न मारताच सांगून टाकलं, हो.

भावाचा हात जोडात होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"मला कोणी मारलं नाही," अक्का म्हणाल्या. "दादानं तर नावही सांगितलं नाही. म्हणाला, मीच हो म्हणालो." त्यानंतर वडिलांनी शेतावर पद्धत घालून दिली. तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेलाही होकार आला नाही तर मोटार सोडायची नाही, चालत जाऊन बघायचं, टेकाड कितीही उंच असो.

मला तर माझ्या त्या एका तासाच्या युक्तीची इतकी लाज वाटली की मी उठून नळावर तोंड धुऊन आलो. परत येऊन आम्ही तेच लिहिलं. व्हॉल्व्हला तीन वेळा विचारायचं, प्रत्येक वेळी ठरावीक सेकंद थांबायचं, तिसऱ्यालाही उत्तर नसेल तर मोटार बंदच ठेवायची आणि ऑपरेटरच्या मोबाइलवर संदेश पाठवायचा की जाऊन बघा. वायर पर्समध्येच ठेवून चाचणी घेतली, संदेश आला. वायर लावून घेतली, सगळी पास झाली. चारचं बिल्ड हिरवंगार निघालं आणि तेव्हा मात्र आम्ही ओरडलो. सगळ्यात मोठ्यानं अक्का ओरडल्या.

सोमवारी आम्ही सगळे शिंदखेड्याला. अकराही शेतकरी बायकामुलांसह हजर, मोटारीला हार घातलेला, नारळ फुटलेला. पहिलं शेत, होकार, मोटार सुरू. टाळ्या. दुसरं शेत, टाळ्या. तिसऱ्याला स्क्रीनवर आलं, पहिली हाक. मग दुसरी. तिसरी. मोटार गप्प राहिली आणि ऑपरेटरच्या खिशातला फोन वाजला. सल्लागार इंजिनीअर माझ्याकडे बघायला लागले. ऑपरेटर शांतपणे चालत गेला, वीस मिनिटांनी परत आला आणि हातातली वायर दाखवली. खारीनं कुरतडलेली होती. ती वायर अकरा शेतकऱ्यांच्या हातातून फिरली. त्यांना सुरू झालेल्या मोटारीचं जेवढं कौतुक वाटलं नव्हतं तेवढं न सुरू झालेल्या मोटारीचं वाटलं. एका म्हाताऱ्या आबांनी तर मला मिठीच मारली. मी त्यांना वळवून अक्कांकडे पाठवणार होतो, पण त्या रस्त्यावर उभ्या होत्या, पर्स खांद्याला, धुळ्याची गाडी कधीची म्हणून चौकशी करत.

पुढे दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि गावी गेल्या, दादाकडे. निरोप समारंभात भाषणं चालू असताना त्यांनी दोनदा शेवट सांग म्हटलं. आमच्या बिल्डमध्ये आता ती पिवळी ओळ पिवळी राहिलेली नाही. वाट बघायचं विसरलं की लालच येतं, बिल्ड थांबतं, आणि स्क्रीनवर इंग्रजी मजकुराखाली मराठीत येतं, होकार उना का? ते मी घातलं. पुण्याहून आलेली नवी पोरं विचारतात हे कोणत्या भाषेत आहे, तेव्हा मी त्यांचा तळवा कानामागे नीट बसवून देतो.

यंदा केळीच्या मोठ्या प्रकल्पाचं काम आमच्याकडे आलं. पहिलं हिरवं बिल्ड निघालं तेव्हा मला ते अक्कांना सांगायचं होतं. सोमवारी फोन केला, उचलला नाही. बुधवारी केला, वाजून वाजून बंद झाला. शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा केला. मग फोन खिशात ठेवला, मोटरसायकल काढली आणि धुळ्यावरून साक्रीचा रस्ता धरला.

घराला कडी होती. विहिरीपाशी एक म्हातारे गृहस्थ दोर गुंडाळत होते. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, त्यामुळे ओळख विचारावी लागली नाही. मी माझं नाव सांगितलं, फोन लागत नाही म्हणालो. त्यांनी मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. म्हणाले, "तिले आते कमी ऐकू येस. फोन वाजस तेबी कळत नही. वर वावरमा शे ती."

अक्कांना आता कमी ऐकू येत होतं, आणि कानामागच्या त्या तळव्याला आम्ही इतकी वर्षं लकब समजून हसलो होतो. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. दूर टेकाडावर, पाइपाच्या टोकाशी, निळ्या लुगड्यातली एक लहानशी आकृती पाठमोरी वाकली होती.

मी तोंडाभोवती हात धरून हाक मारली, अक्का. ती आकृती हलली नाही. पुन्हा मारली. तिसरी हाक मी छाती फुटेस्तोवर मारली, विहिरीवरची कबुतरं उडाली, आणि टेकाडावर काहीच झालं नाही.

मग मी बूट काढून हातात घेतले आणि पाइपाच्या कडेकडेनं वर चालायला लागलो.